तहानेचा आलेख

एप्रिल आला की आमच्या क्लासात आकडे चढू-उतरू लागतात. एरवीही त्यांना दुसरा उद्योग नसतो, पण सप्टेंबरात परदेशी विद्यापीठं उघडतात, त्याआधी इंग्रजीची परीक्षा देऊन ठेवावी लागते, त्यामुळे एप्रिल आणि मे हा आमच्या धंद्याचा सुगीचा काळ. क्लास बुधवार पेठेत आहे. खाली वायरी, बॅटऱ्या आणि स्पीकर विकणारी दुकानं. स्पीकर चालतो हे गिऱ्हाइकाला पटवण्यासाठी दिवसभर एकच गाणं अर्धं वाजतं. वर दुसऱ्या मजल्यावर आम्ही. जिन्यात क्लासचे संचालक पराग सर यांचा फ्लेक्स आहे: सूट, हाताची घडी, मागे पृथ्वीचा गोल, आणि खाली ‘जागतिक भाषा-मार्गदर्शक’. पराग सर एकदा दुबईला जाऊन आलेले आहेत.

या परीक्षेत एक प्रश्न आलेखाचा असतो. कुठल्याशा देशात माणसं किती मासे खातात, किती जण सायकलनं कामावर जातात, असली एक रेघ छापलेली असते आणि ती शब्दांत सांगायची असते. नियम सोपे आहेत. मत द्यायचं नाही, कारण सांगायचं नाही, हळहळायचं तर मुळीच नाही. मासे का कमी झाले हे विचारण्याचा अधिकार परीक्षार्थीला नसतो. काय चढलं, काय उतरलं, काय तसंच राहिलं, एवढं लिहायचं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून मी हा एकच प्रश्न शिकवतो. जन्मभर कविता शिकवून जे साधलं नाही ते या प्रश्नानं साधलं: विद्यार्थी वेळेवर येतात.

परवा नव्या बॅचमधल्या एका मुलीनं हात वर केला.

“सर, ही लाइन काहीच करत नाहीये. सरळ चाललीये नुसती. हिच्याबद्दल काय लिहू?”

मी फळ्यावर लिहिलं: रीमेन, स्टेबिलाइज, लेव्हल ऑफ, प्लॅटो. “काहीच न करण्यासाठी इंग्रजीनं इतकी माणसं नेमली आहेत,” मी म्हणालो, “आपल्याकडे त्याला सरकारी खातं म्हणतात.” वर्ग हसला. मी मात्र पाठमोराच उभा राहिलो. खिडकीतून तापलेल्या पत्र्याचा वास येत होता, खाली ते अर्धं गाणं पुन्हा सुरू झालं होतं, आणि माझ्या हातातला मार्कर ‘लेव्हल ऑफ’पाशी थांबला होता. त्या दोन शब्दांवर मी एक अख्खा उन्हाळा काढलेला आहे.

त्या उन्हाळ्यात माझ्या बायकोला, सुमनला, डायलिसिस थांबवायचं होतं आणि मला ते मान्य नव्हतं. गोष्ट इतकीच आहे. बाकीचं सगळं म्हणजे ऊन, बस आणि क्रियापदं.

सुमन खडकीच्या एका मराठी शाळेत भूगोल शिकवायची. दारूगोळ्याच्या कारखान्यात काम करणाऱ्यांची मुलं वर्गात असायची. भोंगा झाला की कोणाचा बाप कुठल्या पाळीला गेला हे तिला ठाऊक असे. नकाशा पुसट छापला म्हणून ती पाठ्यपुस्तक मंडळावर रागवायची आणि मुलानं नदी उलटी वाहवली तर हसायची. निवृत्तीनंतर आम्ही विश्रांतवाडीला राहायला आलो. गच्ची आहे, गाळा मोठा आहे, बस दारात आहे, असे हिशोब करून. मग तिची मूत्रपिंडं हळूहळू कामावरून उतरली. नंतर हृदयही दमलं. दिवसाआड सकाळी मी तिला घेऊन जायचो, ती यंत्राशेजारी पडून राहायची, दुपारी आम्ही परत यायचो. त्या दिवशीची संध्याकाळ आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ अंगातून थकवा जाण्यात जायची. थकवा गेला की यंत्राचा दिवस आलेला असायचा.

पण तिला यंत्राचा एवढा राग नव्हता. राग होता तो तहानेवर. आत गेलेलं पाणी बाहेर जायला वाट नव्हती, त्यामुळे आत जाणाऱ्यावरच पहारा. दिवसभराचं पाणी सकाळी एका लहान तांब्यात भरून ठेवायचं, आणि त्यातही आमटी धरायची, चहा धरायचा, जिभेवर ठेवलेला बर्फाचा खडासुद्धा धरायचा. त्यातला मोठा वाटा गोळ्याच गिळून टाकायच्या. इंग्रजीत याला ‘अकाउंट फॉर’ म्हणतात. एकूणातला अमुक हिस्सा कोणी व्यापला हे सांगायला आलेखवाल्यांचं लाडकं क्रियापद. तहानेच्या वाट्याला उरायचे ते चार-दोन घोट. आणि पुण्याचा एप्रिल! आळंदी रस्त्यावर कोपऱ्यावरच रसवंती होती. चरकाची घुंगरं दुपारभर वाजायची. फळवाला कलिंगडं कापून काचेत मांडायचा. समोरच्या इमारतीत टाकी भरून वाहू लागली की ते पाणी मातीवर पडल्याचा आवाज यायचा, आणि सुमन डोळे मिटून तो ऐकायची. कोणी संगीताला असं बसलेलं मी पाहिलेलं नाही.

माठ मी शेजारच्या वहिनींकडे नेऊन ठेवला होता. डोळ्यांसमोर नको म्हणून. पुणेकर पाण्याला विचारत नाहीत यावर जगानं भरपूर विनोद करून झाले आहेत. आमच्या घरी निदान वैद्यकीय कारण होतं.

डॉक्टर तरुण आणि सभ्य होते. ते आकड्यांविषयी इंग्रजीत बोलायचे आणि माणसाविषयी मराठीत. क्रिएटिनिन ‘राइज’ झालंय, हिमोग्लोबिन जरा ‘ड्रॉप’ झालंय, आणि मग सुमनकडे वळून, “काय काकू, जेवण जातंय ना?” मला त्यांचं कौतुक वाटायचं, कारण त्यांची क्रियापदं नेमकी असायची. ‘ड्रॉप’च्या जागी ‘ड्रॉप’, ‘डिक्लाइन’च्या जागी ‘डिक्लाइन’. आमच्या क्लासात आले असते तर वरच्या श्रेणीत पास झाले असते. एकदा यंत्र चालू असताना तिचं ब्लड प्रेशर एकदम खाली गेलं, धावपळ झाली, तेव्हा त्यांनी बाहेर येऊन मला ‘प्लंज’ असा शब्द वापरला आणि लगेच, “पण आता होल्ड करतंय.” मी मान हलवली. दोन्ही शब्द बरोबर होते. मला घाम फुटला होता तो व्याकरणात बसत नव्हता.

पराग सरांना असले शब्द पुरत नाहीत. ते चौकशीला आल्यासारखे वर्गात डोकावतात.

“सर, आपली पोरं ‘राइज’ लिहितात, मला झोप लागत नाही. सोअर लिहा, रॉकेट लिहा, प्लमेट लिहा. वाचणाऱ्याला धक्का बसला पाहिजे.”

“बसतो,” मी म्हणालो. “दर शनिवारी वह्या तपासताना मला बसतो.”

“आपण विनोदी आहात सर,” असं म्हणून ते गेले आणि पुढच्या आठवड्यात भिंतीवर एक तक्ता आला. त्यात ‘सोअर’पुढे अग्निबाण होता आणि ‘प्लमेट’पुढे पॅराशूट न उघडलेला माणूस. मुलं तो बघून ठेवायची आणि कुठल्याशा देशातलं चीज खाण्याचं प्रमाण जरा कमी झालं की बिचाऱ्या चीजला कड्यावरून ढकलून द्यायची. मी त्यांना सांगायचो की सोअर हे घारीचं काम आहे, पंख न हलवता वर जाण्याचं; आणि प्लमेट म्हणजे मुळात शिशाचा गोळा. गवंड्याच्या ओळंब्याला असतो तसा, किंवा जहाजावरून समुद्राची खोली बघायला दोरीनं सोडायचे तसा. म्हणजे तो खाली जायचा तो पडण्यासाठी नव्हे, तळ कुठे आहे ते कळण्यासाठी. हे सांगताना माझा आवाज थोडा कॉलेजातल्यासारखा होतो. मुलं ऐकून घेतात आणि विचारतात, “सर, हे मार्कांना आहे का?”

त्या उन्हाळ्याच्या बॅचमध्ये रेणुका होती. वाशीम जिल्ह्यातली, इथल्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात नर्स. पाळी संपवून थेट क्लासला यायची आणि पहिल्या बाकावर बसायची. पहिल्या बाकावर झोप येत नाही अशी तिची समजूत होती. ती रोज खोटी ठरायची. तिला आयर्लंडला जायचं होतं आणि तिचं सगळं इंग्रजी वॉर्डातलं होतं. तिच्या निबंधात माशांचं प्रमाण ‘मेंटेन करत’ असे, पर्यटकांची संख्या ‘सेटल’ होई, आणि एका देशातलं तांदळाचं उत्पादन सकाळच्या पाळीत ‘क्रिटिकल’ होऊन संध्याकाळी ‘कम्फर्टेबल’ झालं होतं.

“अगं, मासे मेंटेन करत नाहीत,” मी म्हणालो.

“मग काय करतात सर?”

“रीमेन स्टेबल.”

“तेच तर लिहिलं ना मी. ना कमी होऊन राहिले, ना जास्त होऊन राहिले.” ती वहीवर वाकली, खोडलं, आणि खोडता खोडता म्हणाली, “आमच्याकडे मेंटेन करून राहिलेत म्हटलं की नातेवाईक घरी जाऊन जेवतात सर. स्टेबल म्हटलं तर बाहेर बसूनच राहतात.”

वह्या मी घरी आणून सुमनच्या पलंगाशेजारी बसून तपासायचो. हे आमचं संध्याकाळचं नाटक होतं. मी वाचून दाखवायचो, ती पडल्या पडल्या शेरे द्यायची. जन्मभर पर्जन्याचे आलेख शिकवल्यामुळे तिला या प्रश्नाचा अधिकार होता, आणि इंग्रजी माझं असलं तरी पाऊस तिचा होता.

“काय हो, तुमच्या इंग्रजीत मासे कमी झाले काय आणि माणसं कमी झाली काय, क्रियापद एकच?”

“साधारण एकच.”

“गरीब भाषा आहे.” असं म्हणून तिनं छताकडे बघत सुरू केलं. विहीर आटते. पूर ओसरतो. ताप उतरतो. गर्दी पांगते. रंग विटतो. उन्हं कलतात. दिवस सरतो. सूज, तिनं आपल्या पायाकडे पाहिलं, सूज ओसरते किंवा उतरते, दोन्ही चालतं, पण माझी दोन्ही करत नाही. तिच्या आईकडे तांदूळ ‘संपले’ असं म्हणायची पद्धत नव्हती. डबा रिकामा झाला की तांदूळ ‘वाढले’ म्हणायचं. घरात उणं बोलायचं नाही म्हणून. “तसं लिहू दे की एखाद्या पोरीला. समुद्र रिकामा झाला आणि मासे वाढले. तुमचा तो तपासणारा गोरा नोकरी सोडून संन्यास घेईल.” ती हसली, आणि हसताना ओठ फाटला. मी ओल्या फडक्याचं टोक तिच्या ओठाला लावलं. तिनं ते किंचित चोखलं. आम्ही दोघांनीही ते पाहिलं नाही असं केलं.

मी नंतर पुष्कळ विचार केला आहे की या परीक्षेतली क्रियापदं एवढी सोपी का जातात मुलांना. त्यात कोणी काही करत नाही, हे एक कारण असावं. आकडा चढतो, आकडा उतरतो. कोणी चढवलेला नसतो, कोणी उतरवलेला नसतो. भाव वाढले, पाणी घटलं, झाडं कमी झाली. वर्तमानपत्रं याच भाषेत लिहितात, नगरसेवक याच भाषेत बोलतात. त्या उन्हाळ्यात मीही याच भाषेत राहात होतो, आणि मला ती फार सोयीची वाटत होती. कोणी आलं आणि विचारलं, “कशा आहेत वहिनी?” की मी म्हणायचो, “वजन गेल्या वेळेइतकंच आहे. पोटॅशियम आटोक्यात आहे.” लोक समाधानानं मान हलवून चहा प्यायचे. मी तो स्वयंपाकघरातच द्यायचो.

पाणी मी घरी पीत नव्हतो. तिच्यासमोर तर नाहीच. तहान लागली की काहीतरी निमित्त काढून शेजारी जायचं, वहिनींच्या ओट्यापाशी आमच्याच माठातलं पाणी घटाघटा प्यायचं आणि परत यायचं. कामाला येणाऱ्या मावशी जिन्यातल्या नळाला तोंड लावायच्या. सुमनची भाची भेटायला आली, तिनं पर्समधली बाटली बाथरूममध्ये नेली. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं; घराचा तसा रिवाजच पडला. आजाऱ्याला भूक नसली तर सगळं घर चोरून जेवतं असं मी ऐकलं नव्हतं, पण तहानेचं निराळं असावं.

एका दुपारी मी असाच शेजारून आलो आणि पेपर उघडून बसलो.

“अहो,” सुमन म्हणाली.

“काय गं?”

“शेजारी पाणी प्यायला जाता ना?”

“छे. वहिनींचा गॅस संपला होता, ते बघायला...”

“तुमच्या मिशीला ओल आहे.”

मी मिशी पुसली. तिनं अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, “इथे पीत जा. माझ्यासमोर. मला बघायला आवडेल. पाणी कसं पितात तेच विसरत चालले आहे मी.” मी नाही म्हटलं. ती म्हणाली, “बरं.” तिचं ‘बरं’ हे फार मोठं वाक्य असायचं. चाळीस मुलांचा वर्ग त्यानं गप्प बसत असे.

थांबण्याचा विषय तिनं त्याआधीच काढला होता, एकदा परतीच्या रिक्षात, सिग्नलला थांबलेलो असताना. खडकीच्या बाजूनं लष्कराचे ट्रक वळत होते, उन्हात सगळं पांढरं दिसत होतं. “मी डॉक्टरांना विचारलं,” ती म्हणाली, “थांबवता येतं. फार त्रास होऊ देत नाहीत, औषधं असतात. थोडे दिवस.” सिग्नल सुटला. मी रिक्षावाल्याला उजवीकडे घ्यायला सांगितलं, जिकडे तो वळतच होता.

त्यानंतर ती अधूनमधून विषय काढायची आणि मी आकडे काढायचो. डॉक्टरांनीच मला शब्द दिला होता. “गेले काही आठवडे व्हॅल्यूज प्लॅटो झाल्या आहेत,” ते म्हणाले होते, आणि मी तो शब्द घरी घेऊन आलो, पेढे आणावेत तसा.

“प्लॅटो म्हणजे पठार,” सुमन म्हणाली.

“माहीत आहे.”

“आपण पठारावरच राहतो. सपाट असतं, बरोबर. पण पश्चिमेला चालत गेलं की कडा येतो. पोरांना सहलीला नेलं की मी पहिलं तेच सांगायचे. पठार बघायला पुढे पळू नका.”

“सुमन, आत्ता सपाट आहे ना? मग आत्ता कशाला?”

“आत्ता मला बोलता येतंय म्हणून.”

मी चिडलो. म्हणालो, डॉक्टर काय मूर्ख आहेत का. आकडे खोटं बोलतात का. लोक याच यंत्रावर वर्षानुवर्षं काढतात. ती ऐकत होती. तिला माझ्या परवानगीची गरज नव्हती. कागद तिच्या सहीनं होणार होता, ती शुद्धीत होती, शहाणी होती, माझ्याहून नक्कीच. तरी ती थांबली होती ती माझ्या हो म्हणण्यासाठी. चाळीसेक वर्षांच्या संसारात तिनं माझ्या हो-नाहीची इतकी पत्रास पहिल्यांदाच ठेवली होती, आणि मी हो म्हणत नव्हतो.

मग मी आलेख काढला. शिक्षकाला दुसरं सुचत नाही. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर, पट्टीनं, दोन रंगांत. एका रविवारी सकाळी तिची मान उशीवर जरा उंच करून मी तो तिच्यापुढे धरला. बाहेर कोणीतरी गच्चीवर कुरडया घालत होतं, चिकाचा वास येत होता.

“हे बघ. इथे खाली गेली होती. इथून सरळ. ही बघ रेघ. याला लेव्हल ऑफ म्हणतात.”

तिनं चष्मा मागितला. आलेख हातात घेतला, जसा तिनं हजार वेळा घेतला असेल, किंचित लांब धरून.

“अक्षांना नावं नाहीत,” ती म्हणाली. “अर्धा मार्क गेला.”

“घरचा आलेख आहे.”

“म्हणून काय झालं? उभ्या अक्षावर काय मोजलंय?”

“तुझं वजन. आणि ही लाल, ती क्रिएटिनिन.”

“आणि आडव्या?”

“दिवस.”

“कसले?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. ती वाट बघत होती, फळ्यासमोर उभ्या केलेल्या मुलाची बघावी तशी, न रागावता. पट्टीनं आखलेल्या त्या सारख्या अंतराच्या खुणांकडे मी पाहिलं. त्यातली एक खूण म्हणजे सकाळपासून ती थंडीनं कुडकुडत होती तो दिवस. पायात गोळे आले म्हणून तिनं पलंगाची कड धरून ठेवली होती तो एक. एका खुणेला तिनं मला विचारलं होतं की आज वार कोणता, आणि मी सांगितल्यावर, “म्हणजे उद्या परत,” असं म्हणून ती भिंतीकडे वळली होती. रेघ त्या सगळ्यांवरून सरळ गेली होती. माझ्या हातची, चांगली, न थरथरलेली रेघ.

“वाईट,” मी म्हणालो.

“हं. आता लिहा तसं.” तिनं कागद माझ्याकडे दिला आणि चष्मा काढला. “आणि उद्या डॉक्टरांशी तुम्ही बोला. मी बोलले की ते मला समजावतात. तुम्ही बोललात तर ऐकतील.”

मी बोललो. डॉक्टरांनी समजावलं नाही. ते पहिल्यांदाच माझ्याशी सुरुवातीपासून शेवटपर्यंत मराठीत बोलले.

रेणुका त्या खेपेला पास झाली. पेढे घेऊन घरी आली होती, पण तोवर सुमन नव्हती. रेणुका फोटोसमोर थोडा वेळ हात जोडून उभी राहिली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन तिनं आपण होऊन चहा केला, परवानगी न विचारता, नर्स लोक करतात तसा. आता ती आयर्लंडात आहे. कधीमधी संदेश येतो. एकदा तिनं लिहिलं होतं, “सर, इथं पाऊस स्टेबल आहे, मी मेंटेन करून राहिले.” मी त्यात काही दुरुस्त केलं नाही. पराग सरांनी तिचाही फोटो फ्लेक्सवर घेतला आहे, पृथ्वीच्या गोलावर, साधारण आफ्रिकेपाशी.

आणि मी शिकवतोच आहे. दर एप्रिलात ती क्रियापदं फळ्यावर लिहितो. मुलांना सांगतो, मत द्यायचं नाही, कारण सांगायचं नाही. परीक्षेपुरतं ते बरोबरच आहे. कोणाच्या तरी देशातल्या माशांविषयी उगाच रडून मार्क घालवण्यात शहाणपणा नाही. फक्त अक्षांना नावं लिहायला मी फार आग्रहानं सांगतो. आलेख त्यांनी काढलेला नसतो, छापून आलेला असतो, नावं आधीच असतात. मुलं आपसात बघतात. म्हातारा सरकलाय असं त्यांना वाटत असावं.

माझ्या मनात तो उन्हाळा मात्र सगळा असा उजळ नाही. पुष्कळसा पुसला गेला आहे: कोण कधी आलं, कोणी काय आणलं, शेवटच्या दिवसांत ती किती झोपायची, काही धड आठवत नाही. एक दुपार तेवढी राहिली आहे, डॉक्टरांकडून आलो त्या दिवसाची.

डॉक्टर म्हणाले होते की पाण्याचं आता फार कडक ठेवू नका. एकदम नको, थोडं थोडं. दम लागला तर मला फोन करा, कितीही वाजता. मी शेजारून माठ परत आणला. वहिनींनी तो धुऊन, ताजं भरून, आत वाळ्याची जुडी घालून माझ्या हाती दिला. मी तो उचलून आणताना पाणी आत हिंदकळत होतं, आणि सुमननं तो आवाज खोलीतून ऐकला असणार, कारण मी आत गेलो तेव्हा ती आपल्या आपण उठून बसली होती. केस मागे सारलेले. पाहुणे यायचे असले की बसायची तशी.

मी पेला काठोकाठ भरला. द्यायला गेलो तर थोडं चादरीवर सांडलं. तिनं दोन्ही हातांनी तो धरला, आधी नुसताच गालाला लावला, मग आत वाकून पाहिलं. वाळ्याचा वास आला असेल. मग प्यायली. सावकाश. मी तिचा गळा पाहात होतो, एकेक घोट खाली जाताना. डोळे तिनं उघडे ठेवले होते. खाली रसवंतीवर गिऱ्हाईक नसावं, घुंगरं थांबलेली होती.

पेला अर्धा झाला आणि तिनं तो मांडीवर टेकवला.

“पुरे,” ती म्हणाली.

“अगं, घे ना. आता काही बंधन नाही.”

“माहीत आहे. पुरे.”

मी माठातून वरून आणखी घालायला ओगराळं आणलं होतं. इतके दिवस मी एकेका घोटाचा हिशोब ठेवला होता, नको नको म्हणत होतो, आणि आता माझ्या डोक्यात एकच होतं की तिनं प्यावं, पेला भरून प्यावं, माठ रिकामा करावा, मी पुन्हा भरीन. “थोडं तरी,” मी म्हणालो. “घोटभर. माझ्यासाठी.”

पंगतीत वाढपी आला की नको म्हणणारा माणूस पानावर हात आडवा धरतो, आणि वाढपी चांगला असेल तर तो त्या हाताला जुमानत नाही. आमच्याकडे तीच माया समजतात. सुमननं तसा हात पेल्यावर आडवा धरला. सुजलेली बोटं, त्यावर सुयांचे निळे डाग, आणि हात अगदी स्थिर. ती माझ्याकडे बघत होती. तिचे ओठ ओले होते.

मग मी आग्रह केला नाही.